सड्यावर हापूसची कलमे लावावीत की सडा तसाच ठेवावा? नव्या अभ्यासाचा आमच्या वाडीशी काय संबंध?

सडेकर_राजापूर

राजापूर तालुक्यात आमच्या घराण्याचा साडेचार एकर सडा, म्हणजे कातळाची सपाट जमीन असून सातबाऱ्यावर ती पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेली आहे. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात आणि दिवाळीनंतर गवत कापले जाते. याखेरीज तिचे उत्पन्न असे काही नाही. मुंबईतील माझ्या भावांचे म्हणणे असे की, सुरुंग लावून खड्डे करावेत, बाहेरून माती आणून भरावी आणि हापूसची कलमे लावावीत. अशातच कोकणातील सड्यांवरच्या बेडकांविषयी २०२५ साली ‘इकॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाची माहिती वाचनात आली. बागेमुळे बेडूक घटतात हे मी मान्य करतो, पण सड्याखालच्या वाडीतील माणसांच्या जगण्याशी त्याचा काही संबंध आहे का? आमच्या वाडीची विहीर मार्चअखेरीस तळ गाठते, म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलापोटी विचारलेला नाही.

कातळफुले

तो अभ्यास नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनशी संबंधित संशोधकांचा असून त्यात तुलनेने अबाधित सडे, सड्यावर केलेली भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांची तुलना केलेली आहे. भातखाचरांत बेडकांची विविधता सड्यापेक्षा कमी भरली, तर बागांमध्ये बेडकांची संख्याच सर्वांत कमी आढळली. खाचरात निदान पाणी तरी उभे राहते, आणि म्हणून सर्वत्र आढळणाऱ्या काही जाती तिथे तग धरतात. मिनर्वारिया गोमंतकी या बेडकासारख्या मोजक्या प्रदेशापुरत्या मर्यादित जातीला मात्र खाचर सड्याची जागा भरून देत नाही. एकूण बेडूक किती, एवढेच मोजले असते तर हा फरक दिसलाच नसता.

वनस्पतींची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात ६२ अशा वनस्पती नोंदवल्या, ज्या उन्हाळ्यात पूर्ण वाळतात आणि पाऊस पडताच पुन्हा हिरव्या होतात. त्याआधी अशा जेमतेम नऊ जाती माहीत होत्या. यांपैकी बऱ्याच कातळावर वाढतात. पांढऱ्या पट्ट्यांची जी पाल डोर्ले गावावरून १९६३ साली शास्त्राला माहीत झाली, ती तर सड्यावरच्या सैल दगडांखाली राहते. गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधासाठी, आपण तेच दगड उचलतो.

विहीर_आणि_पऱ्ह्या

माणसांचा संबंध मला पाण्यातून दिसतो, आणि तो बेडकांच्या अभ्यासातून नव्हे, तर जांभ्याच्या, म्हणजे सड्याच्या तांबड्या दगडाच्या, रचनेतून समजून घ्यावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मार्चमध्ये वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभा सच्छिद्र असून त्यातून पाणी फार लवकर निसटते. वरचे कवच कठीण असते, त्याखाली पोकळ्यांचा सच्छिद्र थर आणि त्याच्या तळाशी पांढुरकी चिकण माती. भेगांतून मुरलेले पाणी या चिकण थरावर अडते आणि तिथून आडवे सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या वाडीची विहीर बहुधा याच पाण्यावर जगत असेल.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर, कलमांचे खड्डे केल्याने विहीर आटेल असे सरसकट विधान मी करणार नाही; क्वचित खड्ड्यांमुळे पाणी अधिकही मुरू शकेल. चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांच्या, खाणीची बाब निराळी आहे. तिथे पाणी मुरवणारा जांभ्याचा थरच कापून विकला जातो. भावांपैकी कोणी उद्या चिरेखाणीचा प्रस्ताव आणला, तर त्याला मात्र ठाम नकार द्यावा.

देवगडचा_बागायतदार

वरील सर्व वाचून आम्ही बागायतदार बेडकांचे वैरी ठरलो आहोत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना आली नसती, तर आमच्या गावातली निम्मी घरे आज बंद दिसली असती. वाडीतील माणसांच्या जगण्याचा विचार करायचा, तर घरातला तरुण गावात राहतो की नाही हेही त्यात धरावे लागेल.

तरीही निव्वळ कातळावर बाग करा, असे मी कोणाला सांगणार नाही. सुरुंग आणि माती यांचा खर्च तर आहेच, पण पहिली काही वर्षे उन्हाळ्यात प्रत्येक आळ्याला पाणी घालावे लागते, आणि ते पाणी मार्चला तळ गाठणाऱ्या विहिरीतून कुठून आणणार? पुढे अवकाळी पावसाने मोहोर काळा पडतो, तुडतुडे आणि फुलकिडे येतात, फवारणी वाढते आणि ते सगळे पावसाबरोबर खाली वाडीकडेच उतरते. माझा सल्ला असा की, सड्याच्या उतारावर जिथे मुळातच माती आहे तिथे काजू लावावा, आणि पावसात जिथे पाणी साचून फुलांचे गालिचे दिसतात तो सपाट भाग तसाच सोडावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, सुरुंगाआधी गवत काढून कातळ नीट पाहून घ्यावा. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, आणि राजापूर तालुक्यात अशी शिल्पे अनपेक्षित जागी सापडतात.

सडेकर_राजापूर

आपणा सर्वांचा आभारी आहे. उतारावरची साधारण एकरभर जागा काजूला द्यावी आणि वरचा पाणथळ सपाट भाग निदान दोन पावसाळे हात न लावता ठेवावा, असे भावांपुढे मांडणार आहे. थोरले दादा खर्चाचे गणित ऐकून घेतील, बेडकांचे नाही. तोवर विहिरीची पातळी नोंदवायची झाल्यास ती कशी नोंदवावी?

विहीर_आणि_पऱ्ह्या

कठड्यावर एका जागी रंगाने खूण करा. दर पंधरवड्याला, सकाळी पहिला पंप सुरू होण्याआधी, वजन बांधलेली दोरी त्याच खुणेपासून सोडून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्या पंधरवड्यातला पाऊसही शेजारी लिहून ठेवा. सड्याच्या कडेचा झरा कोणत्या तारखेला आटतो, हे टिपायला विसरू नका. विहिरीच्या उपशाचा थेट परिणाम त्यावर सहसा होत नसल्याने ती तारीख विहिरीच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाची ठरते.