मे मध्ये सूर्य डोक्यावर, मग युनिटं मार्चपेक्षा कमी कशी?

डिचोलीचो_झील

मंडळी नमस्कार. घरावर 3 किलोवॅटचं सोलर बसवून आता वर्ष होत आलं. दक्षिणेकडे तोंड करून साधारण 15 अंशाचा उतार दिलाय. बसवणारा म्हणालेला की एप्रिल-मे म्हणजे नुसती चांदी, मी पण तेच धरून बसलो होतो. आता इन्व्हर्टरच्या ॲपवर बघतोय तर मार्चमध्ये 425 युनिटं आणि मे मध्ये 372! जुलैत 215 आली ती पावसामुळे, ते समजतं. पण मे मध्ये सूर्य बरोबर डोक्यावर, अंगणातल्या तुळशीवृंदावनाची सावली दुपारी त्याच्या पायातच गोळा होते, दिवस पण मोठा, मग 50 युनिटं गेली कुठे? बाबा म्हणतात तुला फसवलं. खरंच पॅनलमध्ये खोट आहे की ऊनच कमी पडतं?

किनारपट्टी

साधी गोष्ट आहे, उष्णता. पॅनल तापलं की वीज कमी देतं, 25 डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला 0.3 ते 0.4 टक्के तरी जातात, आणि मे मध्ये पत्र्यावरचं पॅनल 60-65 ला सहज पोचतं. विषय संपला.

मास्तर_फोंडा

किनारपट्टी, विषय संपला नाही हो. उष्णतेचं बरोबर आहे पण आपल्याकडे मार्चची दुपार काय थंड असते का? दोन्ही महिन्यांच्या दुपारच्या पाऱ्यात फार तर एखाद-दोन डिग्रीचा फरक, तेवढ्याने 50 युनिटं जात नाहीत.

झील, तुम्ही सूर्य डोक्यावर म्हणता तिथेच गोम आहे. पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला, त्यामुळे सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, एकदा मे च्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या 10 तारखेच्या आसपास (गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणात मे मध्ये आधी, उत्तर टोकाला पेडण्यात दोन-तीन दिवसांनी, ऑगस्टमध्ये उलटं). पण पॅनल आडवं कुठाय? ते दक्षिणेकडे कललंय. मार्चच्या मध्याला दुपारचा सूर्य डोक्यापासून सतरा-अठरा अंश दक्षिणेला असतो म्हणजे तुमच्या 15 अंशाच्या पॅनलवर जवळजवळ काटकोनात. मे संपेपर्यंत तो उत्तरेला सरकून गेलेला असतो, तेव्हा पॅनलला किरणं वीसेक अंश तिरकी लागतात, तिथेच दुपारचे 6-7 टक्के गेले. 21 जूनला तर गोव्यात दुपारची सावली दक्षिणेला पडते, पाऊस असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

तिरकं म्हणजे कमी का, ते मी मुलांना भाताने सांगतो. एक पायली भात सुपात ओता, जाड थर बसतो. तोच भात मोठ्या चटईवर पसरा, पातळ. भात तेवढाच. पृथ्वीजवळ सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट मिळतात, पण पृथ्वी गोल आणि अर्धी अंधारात, म्हणून सगळीकडे वाटल्यावर सरासरी 340 च्या आसपासच उरतात. त्यातले साधारण 30 टक्के ढग, बर्फ, वाळू वगैरेवरून परत आकाशात जातात.

आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगून ठेवतो, सूर्य जवळ असल्याने उन्हाळा होत नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आणि तेव्हा जुलैपेक्षा जवळपास 7 टक्के ऊन जास्तच मिळतं.

तारवटी

मास्तरांनी भूमिती सांगितली, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. चौदा वर्षं बोटीवर आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर, वाटेल की तिथे ऊन मरणाचं असेल, पण दुपार झाली की ढग भरून येतात आणि सूर्य गायब. उलट चिलीत आन्तोफागास्ताला बंदरावर सकाळी धुकं असतं, पण आत पठारावर अताकामाच्या वाळवंटात चढलात की आकाश कोरडं ठणठणीत, उंची पण भरपूर म्हणजे मधे हवाच कमी, पृथ्वीवर जमिनीपर्यंत सगळ्यात जास्त ऊन पोचणारी जागा तीच म्हणतात. सहारा, राजस्थान पण बघा, ही वाळवंटं विषुववृत्तावर नाहीत, थोडी बाजूलाच आहेत.

आणि नॉर्वेत ट्रॉम्सोला जूनमध्ये रात्री 12 ला डेकवर गॉगल लावून उभा होतो, खोटं नाही. पण ऊब शून्य, जॅकेट घालूनच.

मास्तर_फोंडा

तारवटीबाब, मस्त! ट्रॉम्सोला 21 जूनच्या दुपारीसुद्धा सूर्य 44 अंशांपर्यंतच चढतो, आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारी 51 अंश असतो. म्हणजे त्यांचा भर उन्हाळा आपल्या हिवाळ्यापेक्षा तिरका. पण गंमत अशी की सूर्य मावळतच नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या 24 तासांची सरासरी काढली तर वातावरणाच्या वर उत्तर ध्रुवाला चौरस मीटरमागे 520 वॅटच्या आसपास मिळतात आणि विषुववृत्ताला 385. ध्रुव जास्त! फक्त तिथला बर्फ त्यातलं बहुतेक परत पाठवतो, आणि तिरक्या किरणांना हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो तो वेगळाच.

सोलांवाली

माझी पदवी वगैरे नाही पण ऊन मला कळतं, दरवर्षी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सोलां मीच घालते 🙂 भिरंडाच्या (कोकमाच्या) साली मीठ लावून, रस चोळून परत परत उन्हात टाकायच्या. एप्रिलच्या सुरुवातीला घातलेली चार-पाच दिवसांत होतात, तीच मे च्या शेवटच्या आठवड्यात घातली की आठ दिवस झाले तरी चिकट. घाम तर आपल्याला मे मध्येच जास्त येतो, पण आकाश बघा ना, मार्चमधलं निळं कुठे आणि मे मधलं दुधाळ कुठे. दमट हवा, दुपारनंतर ढग, संध्याकाळी गडगडाट. तुमची युनिटं तिथेच जातात हो. आणि डिचोलीचे म्हणता ना, तिथे ट्रकांची लाल धूळ उडते, मग पॅनल शेवटचं कधी पुसलंत?

डिचोलीचो_झील

ताई, लाज वाटते सांगायला पण चवथीनंतर एकदाही नाही. काल सकाळी सहाला, काच तापायच्या आधी, बादली आणि मऊ फडकं घेऊन चढलो. पहिलं पाणी चक्क मातीच्या चहासारखं लाल, रस्त्यावरच्या ट्रकांची कृपा. आज आकाश कालपरवासारखंच होतं तरी दीड युनिट जास्त दाखवतंय. बाबांना दाखवलं, ते म्हणतात मग बसवणाऱ्याने हे सांगितलं का नाही, ते पण बरोबरच.

मास्तर, ऑगस्टमध्ये सावली गायब होते तो दिवस बघायचा म्हणून कॅलेंडरवर खूण केली आहे.

मास्तर_फोंडा

करा करा. मी वीस वर्षं मुलांना घेऊन मैदानात काठी रोवतोय, ऑगस्टमध्ये सूर्यच दोनदा दिसलाय.