वडिलांची शेतीसंरक्षणाची बंदूक घरात कशी ठेवावी?

पाणंद:
आमचे घर कुडाळ तालुक्यात आहे. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी बंदूक असून माकडे हाकलण्यासाठी वर्षाकाठी चारपाच बार काढण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही. ती माजघरात खुंटीला असते आणि काडतुसे फडताळात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. मे महिन्यात आठ आणि अकरा वर्षांचे माझे दोन भाचे येणार आहेत. पोरांना दम दिला आहे, ती हात लावणार नाहीत, असे वडील म्हणतात. तेवढे पुरेसे आहे का?

सडेकर:
नाही. ‘रिकामीच आहे’ ही समजूत सर्वांत घातक असते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः रिकामी म्हणून पुसायला घेतलेली बंदूक उघडली, तर नळीच्या मागच्या तोंडाशी काडतुसाचा पितळी बुडखा चकाकला. आदल्या रात्री डुकरांसाठी भरलेले ते काडतूस काढायचे मीच विसरलो होतो. आता नळी आणि दस्ता सुटे करून लोखंडी कपाटात ठेवतो, काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा असली की घरात झोप बरी लागते, असे आमची सौ. म्हणते, आणि मला ते खोडून काढता येत नाही.

परदेशस्थ:
अमेरिकेत अटलांटा येथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना गटागटाने एका खोलीत सोडून, तिथल्या खणात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवून पाहिले होते. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २९ गटांपैकी २१ गटांना पिस्तूल सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. यातल्या बहुतेक मुलांना शस्त्राबाबत आधी समज दिलेली होती. दम देण्याची किंमत यावरून कळावी.

वैद्य:
मुलांइतकाच विचार वडिलांचाही करावा. ते एकटे राहतात का, हे आपण लिहिलेले नाही. अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जीव घेतो. मनातली वाईट घटका पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. त्या वेळी काडतूस हाताशी नसणे, एवढ्यानेही माणूस वाचू शकतो.

पाणंद:
आई गेल्यापासून ते एकटेच असतात. हा विचार मला सुचला नव्हता, आणि तो त्यांच्याशी कसा बोलावा हे अजून कळत नाही. काडतुसे शेजाऱ्यांकडे ठेवू का?

सडेकर:
शेजाऱ्यांकडे परवाना नसेल तर मुळीच नको, वडील आणि शेजारी दोघेही अडचणीत येतील. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक सांभाळायला देता येते. आधी ठाण्यात विचारून घ्यावे.

पाणंद:
कुलपाची पेटी वडिलांनी मान्य केली आहे. परवान्याचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. ते करू नये असे मला वाटते, त्यांना अजून तसे वाटत नाही.