जड माणसाची खुर्ची हलक्याच्या बरोबरीने कशी उचलली जाते?

देवगडवासी:
महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत भाच्याला घेऊन साखळ्यांच्या गोल पाळण्यात बसलो होतो. वेग वाढला तशा सगळ्या खुर्च्या बाहेर कलल्या. माझे वजन ८० किलो, भाच्याचे २०, आणि मागची खुर्ची तर रिकामीच, तरी तिन्हींच्या साखळ्या सारख्याच तिरक्या दिसत होत्या. "मामा, तू एवढा जड, मग तुझी खुर्ची खाली का नाही राहिली?" या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. बाहेर फेकणारे बल वजनावर अवलंबून नसते काय?

फिरता लंबक:
असते, आणि म्हणूनच कोन सारखा राहतो. साखळीच्या ताणाचा उभा घटक वजन पेलतो, तर आडवा घटक खुर्चीला सतत केंद्राकडे वळवत ठेवतो. वस्तुमान चौपट झाले की पेलायचे वजन चौपट होते आणि वळवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बलही चौपट होते. कोन या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरत असल्याने वस्तुमान त्यातून निघून जाते. फिरताना खुर्ची केंद्रापासून ५ मीटरवर असेल आणि ५ सेकंदांत एक फेरी होत असेल, तर कोन सुमारे ३९ अंश येतो, मग बसणारा कोणीही असो. फरक पडतो तो साखळ्यांना: खुर्चीचे वजन सोडले तरी तुमच्या साखळ्यांवर मिळून सुमारे १००० न्यूटन ताण येतो, भाच्याच्या साखळ्यांवर २५०.

रापणवाला:
हिशेब बरोबर आहे, परंतु "बाहेर फेकणारे बल" या शब्दांना माझी हरकत आहे. ते फिरणाऱ्याला जाणवणारे आभासी बल होय; खाली उभ्या माणसाच्या दृष्टीने खुर्चीवर बाहेरच्या दिशेने काहीच ओढ नसते. साखळी तुटलीच (तुटू नये!) तर खुर्ची केंद्रापासून सरळ बाहेर नव्हे, तर त्या क्षणीच्या स्पर्शिकेच्या दिशेने जाईल. शिवाय रिकामी खुर्ची बारकाईने पाहिली असती, तर ती किंचित मागे रेंगाळताना दिसली असती, कारण हवेचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढत नाही आणि हलक्या वस्तूवर तो अधिक परिणाम करतो.

देवगडवासी:
दोघांचेही आभार. सायकलचे जुने चाक आडवे धरून त्याच्या कडेला एक कैरी, एक सुपारी आणि एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली टांगली, दोऱ्या वस्तूच्या मध्यापर्यंत सारख्या मोजून घेतल्या आणि चाक फिरवले. कैरी व सुपारी बरोबरीने कलल्या, बाटली मात्र मागे राहिली. आता भाचा विचारतो आहे की आतल्या रांगेतल्या खुर्च्या कमी का कलतात. फेरीला वेळ तेवढाच, पण त्रिज्या कमी, एवढे तरी मला सांगता आले.