मदत हवी आहे : डिसेंबरमध्ये मुलांचा मुक्काम हरिश्चंद्रगडावर की पाचनईत?

आमच्या युवा गटातील 15 ते 19 वयाच्या 18 मुलामुलींना डिसेंबरमधील एका शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर न्यायचे आहे. निम्मी मुले प्रथमच डोंगरात येत असल्याने खिरेश्वरकडून टोलार खिंडीची लांब वाट सोडून पायथ्याच्या पाचनई गावातून चढणारी वाट निश्चित केली आहे. सोबत चार अनुभवी मोठी माणसे आहेत, त्यांत दोन महिला. पालकांची लेखी संमतीही घेतली आहे.

अडचण मुक्कामाची आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे पाहणीसाठी गडावरच्या मंदिराजवळ तंबूत राहिलो, तेव्हा पहाटे तंबूच्या आतून थेंब गळत होते आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग पिळून काढावा इतका ओला झाला होता. प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पाहिले, त्याने ओल वाढलीच. परिसर अभयारण्यात असल्यामुळे शेकोटी पेटवायची नाही, आणि गुहांमध्ये शनिवारी जागा मिळेल या भरवशावर मुलांना नेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पाचनईत राहिल्यास निवारा मिळेल, पण गडाच्या पश्चिमेकडील कोकणकड्यावरचा सूर्यास्त पाहून अंधारात उतरावे लागेल.

हिवाळ्यात असा नवखा गट ज्यांनी नेला आहे, त्यांनी कृपया सांगावे : दव टाळण्यासाठी गडावर तंबू नेमके कुठे व कसे लावावेत, की सूर्यास्ताचा मोह सोडून पाचनईतच मुक्काम करून पहाटे चढावे?