मदत हवी आहे: इंजिन मालकाचं, इंधन भाडेकरूचं, मग स्वच्छ इंधनाकडे वळणार कोण?

नमस्कार मंडळी. जहाजवाहतुकीतल्या हरित सवलती आणि कर यांवर माझा प्रबंध चालू आहे, पण एका ठिकाणी अडलोय.

न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाचं त्या फेरीतलं निम्मं उत्सर्जन आता युरोपीय महासंघाच्या कार्बन बाजारात मोजलं जातं. त्यातल्या २०२४ च्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण उत्सर्जनाइतके परवाने विकत घेऊन जमा करायचे. शिवाय जहाजाच्या इंधनामागचं उत्सर्जन किती असावं हे ठरवणाऱ्या महासंघाच्या 'फ्युएलईयू मेरिटाइम' या वेगळ्या नियमात, हरित हायड्रोजनपासून बनवलेलं इंधन वापरलं, तर २०३३ अखेरपर्यंत ते हिशेबात दुप्पट धरतात. ही सवलत मोठीच आहे.

पण टाइम चार्टरमध्ये, म्हणजे जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेण्याच्या करारात, इंधनाचं बिल भाडेकरू भरतो. मिथेनॉलसारख्या स्वच्छ इंधनावर चालणारं इंजिन मात्र मालकाने घ्यायचं! बचत भाडेकरूच्या खिशात जाणार असेल तर मालक पैसे का घालेल?

नॉर्वेने फेरीबोट सेवेच्या निविदेतूनच स्वच्छ जहाजाची मागणी केली आणि २०१५ मध्ये बॅटरीवरची 'अँपिअर' ही फेरीबोट धावू लागली. मला हीच वाट जास्त खात्रीची वाटते, पण कंटेनर जहाजांना ती कशी लावणार?

चार्टरिंगमध्ये काम केलेलं कोणी आहे का इथे? परवान्यांचा खर्च आणि इंधनातली बचत करारात प्रत्यक्ष कशी वाटून घेतात? जहाजावरच्या इंजिनियर मंडळींनीही अनुभव जरूर लिहा.