प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं 'भविष्य' वाचायचं कसं?

पाटीपेन्सिल (प्रश्न):
नव्या करारातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, सलग वाचायला घेतलंय. पहिल्या तीन अध्यायांतली सात मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली पत्रं समजली. चौथ्यापासून शिक्के, कर्णे, वाट्या, पशू आणि आकडे यांची गर्दी होते आणि मागचा-पुढचा संबंध लागत नाही. हाती येणारी बरीच भाष्यं प्रत्येक चिन्हाला आजच्या एखाद्या देशाचं किंवा पुढाऱ्याचं नाव चिकटवतात, त्यावर विश्वास बसत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या लेखी संदेष्टा म्हणजे कोण? तो खरा की खोटा हे कसं ठरे? आणि ४२ महिने, ६६६ यांचा हिशेब काय?

बोरू:
संदेष्ट्यापासून सुरुवात करू, पाया तोच आहे. त्या काळचा संदेष्टा उपासनेला जमलेल्या लोकांसमोर बोलायचा. प्रेषित पौलानं करिंथकरांना सुमारे इ.स. ५४ मध्ये लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १४वा अध्याय काढा. संदेश देणारा लोकांच्या उन्नतीसाठी, उत्तेजनासाठी आणि सांत्वनासाठी बोलतो, असं तिथं म्हटलंय. लगेच शिस्तही घालून दिलीय: दोघांनी किंवा तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी ते पारखावं. त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात स्त्रियाही संदेश देतात हे गृहीत धरलेलं आहे. पुढे काय होणार हे सांगणं हा या कामाचा एक भाग होता, पण तेही ऐकणाऱ्यांनी काहीतरी करावं म्हणून. प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार असं सांगतो, तेव्हा अंत्युखिया शहरातले शिष्य तारखा मोजत बसत नाहीत, यहूदीयातल्या बांधवांसाठी मदत गोळा करतात.

पारखायचे नियम सगळ्यांत नेमके सापडतात ते 'दिदाखे' या छोट्या नियमपुस्तकात. पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याची सुरुवात असा त्याचा काळ धरतात. इ.स. १०५६ मध्ये नकललेली त्याची ग्रीक प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. अकराव्या अध्यायातले नियम असे: फिरता प्रेषित, म्हणजे गावोगाव जाणारा प्रचारक, एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असताना, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं बोलताना, ताट मांडायला सांगून स्वतःच जेवला तर खोटा. जे शिकवतो ते स्वतः करत नसेल तर खोटा. आत्म्यात बोलत असताना मात्र त्याला अडवून परीक्षा घ्यायची नाही, पारख वागणुकीवरून करायची. उलट, तेराव्या अध्यायाप्रमाणे, खरा संदेष्टा गावात स्थायिक झाला तर खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं, गुराढोरांतलं प्रथमफळ, म्हणजे पहिलं उत्पन्न, त्याला द्यायचं. म्हणजे मान आणि संशय दोन्ही एकाच वेळी होते. हे मला या काळाचं सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण वाटतं.

ताडपत्र:
याला जोडून रोममधल्या हर्माच्या 'मेंढपाळ' या ग्रंथाबद्दल सांगतो. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. ५ दर्शनं, १२ आज्ञा, १० दृष्टांत. अकराव्या आज्ञेत खोट्या संदेष्ट्याची खूण दिलीय: तो कोपऱ्यात, एकेकट्याला, विचारेल त्याचं उत्तर देतो आणि त्याचे पैसे घेतो. नीतिमानांच्या सभेत आला की त्याची वाचा बसते.

लिखाण पसरायचं कसं तेही यात दिसतं. दुसऱ्या दर्शनात हर्माला दोन प्रती करायला सांगितलंय. एक क्लेमेंताला, तो ती बाहेरच्या शहरांना पाठवील. दुसरी ग्राप्तेला, ती विधवांना आणि अनाथांना शिकवील. हर्मानं स्वतः ती शहरातल्या मंडळीच्या वडीलधाऱ्या प्रमुखांसमवेत वाचून दाखवायची. प्रकटीकरण १:३ मध्ये 'वाचणारा' एकवचनी आणि 'ऐकणारे' अनेकवचनी का, ते यावरून कळेल. एक जण मोठ्यानं वाचायचा, सगळी मंडळी ऐकायची.

दौत:
आता प्रकटीकरणाच्या मांडणीकडे वळतो, कारण प्रश्नात अडचण तिथली आहे.

हे पुस्तक एकाच वेळी पत्र, संदेश आणि दर्शन आहे. १:४ मध्ये पत्राची सुरुवात, २२:२१ मध्ये पत्राचा शेवट. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया ही शहरं आजच्या पश्चिम तुर्कस्तानात एका कमानीसारखी येतात. हे पुस्तक लिहिणारा योहान जिथं होता त्या पात्म बेटावरून निरोप्या इफिसला उतरला तर याच क्रमानं जाईल. ही पत्रं प्रस्तावना म्हणून ओलांडून पुढे गेलात तर चौथ्या अध्यायानंतर वाट चुकणारच. पर्गमात 'सैतानाचं आसन' आहे असं २:१३ म्हणतं. त्या शहरात इ.स.पू. २९ पासून रोमा देवी आणि ऑगस्टस यांच्या उपासनेचं मंदिर होतं. १३व्या अध्यायातली पशूच्या मूर्तीची पूजा ही त्या श्रोत्यांना ओळखीची गोष्ट होती. सुमारे इ.स. ११२ मध्ये जवळच्याच बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो की आरोपींकडून तो सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करवून घेतो.

दुसरं, शेजारी जुना करार उघडा ठेवा. योहान 'शास्त्रात लिहिल्याप्रमाणे' असं म्हणून एकही वचन उद्धृत करत नाही, पण पानोपानी यहेज्केल, दानीएल, यशया, जखऱ्या झिरपलेले आहेत. दानीएल ७ मध्ये चार पशू आहेत: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचा चौथा. डोकी मोजा: १+१+४+१, म्हणजे सात. प्रकटीकरण १३ मधल्या एकाच पशूला सात डोकी, दहा शिंगं, चित्त्याचं अंग, अस्वलाचे पाय आणि सिंहाचं तोंड आहे. चार साम्राज्यांची क्रूरता योहानानं एका रोममध्ये एकवटली.

तिसरं, शिक्के, कर्णे आणि वाट्या या प्रत्येकी सात, म्हणजे २१ घटना एका ओळीत लावू नका. ६:१४ मध्ये आकाश गुंडाळलं जातं, तरी ८:१२ मध्ये सूर्य, चंद्र, तारे जागेवरच असतात. ८:७ मध्ये सगळं हिरवं गवत जळतं आणि ९:४ मध्ये गवताला हात लावू नका अशी आज्ञा होते. सरळ कालक्रम लावणारा इथंच अडतो. हे तीच गोष्ट पुन्हा, वाढत्या जोरानं सांगणं आहे: ६:८ मध्ये पृथ्वीचा चौथा हिस्सा, कर्ण्यांत तिसरा हिस्सा, वाट्यांत सगळं. या पुस्तकावरचं लॅटिनमधलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भाष्य पेत्तावचा बिशप व्हिक्टोरिनस याचं. त्यानंही वाट्या म्हणजे कर्ण्यांचीच पुनरुक्ती असं म्हटलंय.

हिशेबवही:
आकड्यांचं मी सांगते. ४२ महिने × ३० दिवस = १२६० दिवस = साडेतीन वर्षं. ११:२, ११:३, १२:६, १२:१४, १३:५ या सगळ्या जागी एकच मुदत वेगवेगळ्या रूपांत येते. मूळ दानीएल ७:२५ मधलं 'एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ'. तिथं ती सीरियाचा ग्रीक राजा अंत्युख एपिफानेस याच्या छळाची मुदत आहे, त्यानं इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळलं. साडेतीन म्हणजे साताचा अर्धा, मध्येच तुटणारी सत्ता. दिवसाला वर्ष धरून १२६० वर्षांचे हिशेब पुष्कळांनी केले आणि ते पुन्हा पुन्हा फसले, कारण सुरुवातीचं वर्ष प्रत्येकाला हवं तसं निवडता येतं.

६६६ चं उत्तर बहुतेक अभ्यासक रोमन सम्राट नीरो असं देतात. इब्रीत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. 'नेरोन केसर' (सम्राट नीरो) इब्री अक्षरांत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणानं 'नेरो' लिहिलं तर शेवटचा नून जातो आणि ६१६ उरतात. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे; इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेला, ११५ क्रमांकाचा पपायरस त्यांतला एक. 'केसर'मध्ये एरवी योद हे एक अक्षर जास्त येतं, हा आक्षेप रास्त आहे. पण योद नसलेलं रूप यहूदीयाच्या वाळवंटातल्या मुरब्बात इथल्या, नीरोच्याच दुसऱ्या वर्षाच्या अरामी दस्तऐवजात मिळालंय. तरी सावध राहा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियस ६१६ नाकारतो, ६६६ साठी तीन नावं सुचवतो आणि कोणतंही ठामपणे सांगायला नकार देतो. अक्षरं बदलायची मुभा घेतली की कुठलंही नाव बसवता येतं.

ताडपत्र:
नीरो पटतो, पण म्हणून पुस्तक ६८-६९ मध्ये लिहिलं असं कोणी म्हणालं तर मी सहमत नाही. इरेनियस ते दर्शन सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या शेवटी, म्हणजे ९५ च्या आसपास झालं असं सांगतो. रोमला 'बाबेल' (बॅबिलोन) म्हणणंही इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर जास्त अर्थपूर्ण ठरतं, कारण आधी बाबेलनं आणि मग रोमनं, दोघांनीही तिथलं मंदिर पाडलं. नीरो परत येणार ही वावडी त्याच्या मृत्यूनंतर बराच काळ चालली. १३:३ मधली बरी झालेली प्राणघातक जखम तिच्याशी जुळते.

पाटीपेन्सिल:
मनापासून आभार. डोकी मोजल्यावर तेरावा अध्याय उलगडला. एकच शंका: दानीएलाच्या शेवटी पुस्तक शिक्का मारून बंद ठेवायला सांगितलंय, इथं २२:१० मध्ये नेमकं उलट. का?

दौत:
दानीएलाचं पुस्तक आजच्या रूपात इ.स.पू. १६५ च्या सुमाराचं आहे, पण बोलणारा बाबेलच्या बंदिवासातला दाखवलाय. मधली शतकं ते पुस्तक कुणाला का माहीत नव्हतं हे सांगायला शिक्का लागतो. हनोख या प्राचीन पूर्वजाच्या नावानं लिहिलेल्या ग्रंथांतही तीच युक्ती आहे. योहान कुठल्याही प्राचीन पुरुषाचं नाव घेत नाही. १:९ मध्ये तो स्वतःच्या नावानं, 'तुमचा बंधू आणि संकटातला भागीदार' म्हणून बोलतो, आणि श्रोते त्याला ओळखतात. त्यांनी त्याच आठवड्यात ठरवायचं होतं: मूर्तीला दाखवलेलं अन्न खायचं का (२:१४, २:२०), धूप टाकायचा का. शिक्का मारून चाललं नसतं. आता २ आणि ३ हे अध्याय परत वाचा आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'विजय मिळवणाऱ्याला' दिलेलं वचन २१-२२ मध्ये कुठं पूर्ण होतं ते समासात लिहीत जा. इफिसच्या पत्रातलं जीवनाचं झाड २२:२ मध्ये सापडेल, स्मुर्णेच्या पत्रातलं दुसरं मरण २१:८ मध्ये.