मदत हवी आहे: ब्रिटिशांच्या लेखी भूतान नेमका कोण होता?

मंडळी, एका लेखासाठी भूतानवर वाचतेय आणि एका मुद्द्यावर अडलेय. 1865 च्या सिंचुला तहात इंग्रजांनी दुआर पट्टा (भूतानच्या दक्षिणेचा, डोंगरपायथ्याचा सखल भाग) घेतला आणि बदल्यात वार्षिक रक्कम कबूल केली, ती पुढे 50 हजार रुपयांपर्यंत गेली. 1910 च्या पुनाखा तहात तीच 1 लाख झाली. अंतर्गत कारभारात हात घालणार नाही, पण परराष्ट्र व्यवहारात आमचा सल्ला ऐकायचा, अशी अट! (पैसे देऊन तोंड बंद, दुसरं काय.)

सिक्कीम उघड संरक्षित राज्य होतं, नेपाळचं स्वातंत्र्य 1923 च्या तहात मान्य झालं. मग भूतानला संस्थान म्हणायचं की स्वतंत्र देश? ब्रिटिश सरकारच्या लेखी त्याचा दर्जा काय होता? मराठीत यावर काही वाचलंय का कुणी? मूळ तहाची कलमं कुठे मिळतील?